अभंगातली एकच ओळ पुन्हा गायची आहे. जोड लपत नाही आणि खाली 'भूत' ऐकू येतंय

खळ्यातला | शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, जरा लांबण लावतो, नाहीतर प्रश्नच कळणार नाही.

दिवाळीत गावी, राजापूर तालुक्यात, काकांना बसवून एक अभंग रेकॉर्ड केला. काका ७८ वर्षांचे. गावच्या भजनात पेटी कधीपासून वाजवतायत ते त्यांनाही आठवत नाही. मी गायलो, ते पेटीवर. दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एक कंडेन्सर माइक माझ्यासमोर वीतभर अंतरावर, दुसरा पेटीला. घराच्या माजघरात आम्ही समोरासमोर बसलो होतो, मध्ये पाच फूट. क्लिक, म्हणजे कानात लय देणारी टिकटिक, लावला नाही. काकांना क्लिक म्हणजे काय ते समजावायच्या भानगडीतच पडलो नाही. साडेसहा मिनिटांचा एकच टेक, आणि तो छान झाला. नंतर न्यू जर्सीच्या मित्राने त्यावर तबला वाजवून पाठवला, इथल्या दोन पोरांनी टाळ भरले.

महिनाभर सगळ्यांना ऐकवत हिंडलो. परवा आई म्हणाली, "तिसऱ्या अंतऱ्यात दुसऱ्याचा शब्द घातलायस की रे." घातलाय. चार मिनिटं दहा सेकंदांवर, ठणठणीत आवाजात.

मग पुण्याच्या फ्लॅटवर त्याच माइकसमोर, मोबाइलवर काळी १ चा तानपुरा लावून तेवढी ओळ पुन्हा गायलो आणि जागेवर बसवली. तीन घोळ झाले आहेत.

पहिला, ती ओळ दुसराच कोणीतरी माणूस येऊन गाऊन गेल्यासारखी वाटते. दुसरा, मी सुरात आहे असं ट्यूनर सांगतो, पण पेटीबरोबर ऐकलं की अंगावर काटा येतो, आणि तो चांगला काटा नाही. तिसरा घोळ तर भीतीदायक आहे: नवीन ओळीच्या खाली जुना चुकलेला शब्द पुसट ऐकू येतो. जुना तुकडा मी डिलीट केलाय, तरीही.

काय करू?


कोमल_निषाद | शनिवार, रात्री ११:०५

पुन्हा पूर्ण गा. अभंग आहे, फाटकी चड्डी नव्हे ठिगळ लावायला.


खळ्यातला | शनिवार, रात्री ११:११

@कोमल_निषाद, काकांना साडेसहा मिनिटं सलग भाता मारणं आता जड जातं. दिवाळीतला टेक झाल्यावर ते अर्धा तास पाठ टेकून बसले होते. शिवाय तबला आणि टाळ त्याच टेकवर वाजलेत. पूर्ण नव्याने केलं तर तेही सगळं नव्याने आलं.


फेडरमामा | रविवार, सकाळी ७:२०

तिसऱ्या घोळापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं मूळही तिथेच आहे.

भूत पेटीच्या ट्रॅकमध्ये आहे. तुमचा आवाजाचा ट्रॅक म्यूट करा, पेटीचा सोलो करा आणि ४:१० ला ऐका. चुकलेला शब्द स्वच्छ ऐकू येईल. तुमचा माइक तोंडापासून आठ इंचांवर होता, पेटीचा माइक तोंडापासून पाच फुटांवर, म्हणजे साडेसात पट लांब. अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते, या हिशेबाने तुमचा आवाज पेटीच्या माइकात १७-१८ डेसिबल खाली पडायला हवा. हा झाला मोकळ्या मैदानातला हिशेब. माजघरात भिंतींवरून परत येणारा आवाज धरला तर त्याहून बराच जास्त. त्यात पेटी हळू वाजत होती म्हणून तुम्ही तिच्या माइकचा गेन (आवाज पकडायची पातळी) चढवला असणार. गेन चढवला की तिच्या माइकात शिरलेले तुम्हीही चढता.

उलट बाजूनेही तेच. तुमच्या माइकात पेटी शिरली आहे. पुण्यात एकटेच गायलात तेव्हा ती पेटी गेली, माजघर गेलं आणि फ्लॅटची खोली आली. म्हणून त्या ओळीपुरता माणूस बदलल्यासारखा वाटतो. आवाज तुमचाच आहे, आजूबाजूचं सगळं बदललंय.

वेगवेगळ्या खोल्यांत, एकेकाने हेडफोन लावून रेकॉर्ड केलेलं असतं तर एकाच ट्रॅकवर पंच मारून, म्हणजे तेवढाच तुकडा नव्याने रेकॉर्ड करून, मोकळे झाला असता. दोघे एका खोलीत एकाच वेळी वाजवतात तेव्हा ट्रॅक दोन दिसले तरी रेकॉर्डिंग एकच असतं. दुरुस्ती करायची तर दोन्ही ट्रॅकवर एकदम, त्याच खोलीत, काकांसकट.


खळ्यातला | रविवार, सकाळी ८:०२

सोलो करून ऐकलं. आई शप्पथ. अख्खा मी आहे त्यात.


श्रुतीप्रमाण | रविवार, सकाळी ९:३०

दुसऱ्या घोळाचं मी सांगतो. तुमच्या मोबाइलचा तानपुरा ए = ४४० (ए हा स्वर ४४० हर्ट्झ) हे प्रमाण धरून चालतो. त्यात काळी १ म्हणजे मधल्या सप्तकात २७७.१८ हर्ट्झ. काकांची पेटी ४४० ला असेलच असं नाही. जुन्या पेटीच्या सुरांवर (आतल्या पात्यांवर) धूळ बसते, गंज चढतो, कोणीतरी मध्येच घासून लावलेले असतात. ती समजा १० सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) वर असेल, तर तिचा सा जवळपास २७८.८ ला येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दीडेक ठोके पडतात, तेच तुम्हाला टोचतंय. ट्यूनर खोटं बोलत नाहीये, तो फक्त तुमच्या पेटीला ओळखत नाही.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर जिथे पेटी एकटी सा धरून आहे असा तुकडा ट्यूनरला ऐकवा आणि काटा किती सेंट सरकतो ते बघा. मग तानपुऱ्याचं ॲप तेवढं सरकवा. बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते.


खळ्यातला | रविवार, सकाळी १०:१५

१४ सेंट वर. सा तरी बरा, पंचम त्याहूनही वर आहे!


श्रुतीप्रमाण | रविवार, सकाळी १०:१९

मग काकांच्या पेटीला कोणतंच ॲप पुरणार नाही. तिच्याबरोबरच गा.


बाराखडी | रविवार, दुपारी १२:४८

मी ऑडिओबुकं वाचते, गाण्यातलं फार कळत नाही. पण चुकलेलं पुन्हा रेकॉर्ड करणं हे आमचं रोजचं जेवण आहे, म्हणून लिहिते.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २.३.० पासून 'पंच अँड रोल' आहे. चुकलात की थांबायचं, चुकीच्या आधी जिथे श्वास किंवा शांतता आहे तिथे कर्सर ठेवायचा आणि शिफ्ट-डी दाबायचं. ते पाच सेकंद मागून तुमचंच वाचन ऐकवतं आणि कर्सर आला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं. त्या पाच सेकंदांत आपण आपल्याच आवाजाच्या पट्टीत, वेगात, मूडमध्ये परत शिरतो. जोडावर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (जुनं विरत जातं, नवं चढत येतं) तेच घालतं. दोन्ही आकडे प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतात.

तुमच्या कामाला मात्र ते चालणार नाही. पंच अँड रोल पुढे जाणाऱ्यासाठी आहे, त्यात आत शिरता येतं, ठरलेल्या जागी बाहेर पडता येत नाही. मधलीच ओळ बदलून पुढचं शाबूत ठेवायचं असेल तर फेडरमामा सांगतील तसं दुसरं काहीतरी.

पण एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. मी एकटा शब्द कधीच दुरुस्त करत नाही, पूर्ण वाक्य घेते. 'भिंत' शब्द चुकला म्हणून फक्त 'भिंत' वाचलं तर तो शब्द गृहपाठाच्या वहीत शाईने दुरुस्त केल्यासारखा उठून दिसतो. भ, फ, ध अशा महाप्राणांपाशी तर जोड अजिबात लपत नाही, हवेचा झोत दर वेळी वेगळा येतो. जोड नेहमी श्वासाच्या आधी. श्वास आणि त्यानंतरचं वाक्य एकाच टेकमधलं हवं. जुना श्वास आणि नवं वाक्य असं केलं की ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तो दचकतो.

आणि दुपारी जेवून दुरुस्ती करायची नाही. सकाळच्या आणि जेवणानंतरच्या आवाजात भाऊबंदकी असते.


कोमल_निषाद | रविवार, दुपारी १:३०

शेवटच्या वाक्याला +१. बाकी माझं मत कायम.


गावठी_कीबोर्ड | रविवार, दुपारी २:०५

एवढी चर्चा कशाला? चाल तीच आहे ना सगळ्या अंतऱ्यांना? दुसऱ्या अंतऱ्यातली पेटी कापायची, तिसऱ्यात चिकटवायची, वरून पुण्यातला आवाज टाकायचा.


फेडरमामा | रविवार, दुपारी २:४०

@गावठी_कीबोर्ड, दुसऱ्या अंतऱ्यातल्या पेटीच्या ट्रॅकमध्ये कोणता शब्द शिरलेला असेल? खळ्यातल्याने चुकून कोणत्या अंतऱ्याचा शब्द घातलाय ते वर वाचा.


गावठी_कीबोर्ड | रविवार, दुपारी २:४४

😂😂 तेच भूत, नवीन घर.


एडिसनचा_डग्गा | रविवार, संध्याकाळी ६:३०

तो न्यू जर्सीचा मित्र मीच. हे महाशय मला फोन न करता इथे धागा काढतात.

चिकटवणं लयीमुळेही जमणार नाही. भजनी ठेका, आठ मात्रांचं एक आवर्तन. सुरुवातीला आवर्तन ४.२ सेकंदांचं आहे, शेवटाकडे ३.७ पर्यंत आलंय. काका चढत गेलेत, आणि भजनात तसं चढायचंच असतं. मी त्यांच्या मागे मागे वाजवलंय, दोन रात्री घालवून. दुसऱ्या अंतऱ्याची पेटी तिसऱ्यात टाकलीस तर दोन आवर्तनांत तबल्याच्या मागे पडेल. ताणून-आखडून बसवता येते, पण पेटी ताणली की तिचा सूर पाण्यातून आल्यासारखा हलतो.

आता जे नवीन वाजवाल ते माझ्या तबल्यावर बसायला हवं, एवढं लक्षात ठेव. आधी मी तुमच्यामागे धावलो, आता तुम्ही माझ्यामागे. आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कापू नकोस, हात जोडतो. सगळे समेवर कापतात कारण तिथे वेव्हफॉर्म मोठा दिसतो. समेच्या आधी माझा डग्गा घुमत असतो, पेटीचा सूर लांबलेला असतो, गायकाचा शेवटचा स्वर अजून खोलीत असतो. सम ओलांड, मग बाहेर पड.


जुनी_फीत | रविवार, रात्री ९:१५

धागा वाचून हात शिवशिवले. मी ८० च्या दशकात मुंबईत एका स्टुडिओत सहायक होतो. टेपवर पंच मारायचो.

त्याच्या आधीच्या पिढीने ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब, महालक्ष्मीचा फेमस इथे केलेल्या कामाच्या गोष्टी आम्ही ऐकायचो. गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी. शेवटच्या कडव्यात कोणा व्हायोलिनवाल्याचा गज घसरला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर दोन टेकमधले चांगले भाग घेऊन फीत ब्लेडने तिरकी कापून चिकटवायची.

मल्टिट्रॅक आल्यावर हे बदललं. लेस पॉल या अमेरिकन गिटारवाल्यासाठी अँपेक्स कंपनीने १९५७ साली आठ ट्रॅकचं मशीन बनवलं. त्यातली युक्ती ऐकण्यासारखी आहे. टेप मशीनवर रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांत अंतर असतं. जुना ट्रॅक वाजवणाऱ्या हेडवरून ऐकत नवीन गायलात तर नवीन त्या अंतराइतकं मागे छापलं जातं. म्हणून त्यांनी जुना ट्रॅक रेकॉर्ड हेडवरूनच ऐकायची सोय केली. आता तुम्ही ज्याला लेटन्सी (आवाज उशिरा पोचणं) म्हणता तेच दुखणं, फक्त इंचांत मोजलेलं.

आणि पंच. पुसणारं हेड रेकॉर्ड हेडच्या आधी असतं. पंच आउट करताना दोन्ही एकदम बंद झाली तर त्या दोघांच्या मधला टेपचा तुकडा पुसून झालेला असतो, पण त्याच्यावर काही छापलेलं नसतं. कोरा. दोन हेडमध्ये दीड इंच अंतर धरा आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच, म्हणजे एक दशांश सेकंदाचं भोक. नंतरच्या मशीनांनी पुसणं आधी थांबवायचं आणि छापणं नंतर, असं करून ते बुजवलं. आमच्याकडचं मशीन त्या नंतरच्यांतलं नव्हतं. तेव्हा बाहेर पडायचं ते गायकाने श्वास घेतलेल्या जागी, आणि बोट उचलण्याआधी मनात देवाचं नाव घेऊन. चुकलं तर पुढची चांगली ओळही गेली. 'अनडू' म्हणजे गायकाची माफी मागणं.

बाराखडीताई म्हणतात ते श्वासाचं आम्हीही असंच शिकलो.


बाराखडी | रविवार, रात्री ९:४०

'अनडू म्हणजे गायकाची माफी' 🙏


चहाचा_दुसरा_कप | सोमवार, सकाळी ११:१०

हल्ली मिश्र आवाजातून गायकाचा आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर मिळतात. पेटीच्या ट्रॅकमधून भूत तेवढं काढून टाकता येणार नाही का? काकांना त्रास नको.


फेडरमामा | सोमवार, सकाळी ११:५५

करून बघायला हरकत नाही, फुकटचीही आहेत. पण पेटी आणि पुरुषाचा आवाज एकाच पट्टीत एकमेकांत मिसळलेले असतात, आणि अभंगात पेटी गायकाची सावली धरून चालते. मी दोनदा असा प्रयत्न केलाय. आवाजाबरोबर पेटीचं अंगही निघून येतं, मागे राहते ती सर्दी झालेली पेटी. ओळीपुरतं तबला-टाळाच्या गर्दीत खपून जाईलही. काका हयात नसते तर मी तेच सुचवलं असतं. ते आहेत, पेटी आहे, माजघर आहे. मग गावी जा.

जाणार असाल तर रीपरमध्ये असं करा.

आधी प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा. रीपर जुनं काही पुसत नाही, प्रत्येक टेकची वेगळी फाइल बनते, तरी करा. जागेची काळजी नको: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. दोन ट्रॅकचे वीस टेक घेतलेत तरी एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपुढे काहीच नाही.

टाइमलाइनवर बदलायचा भाग सिलेक्ट करा. ओळ नका धरू, अंतऱ्याचा तेवढा पूर्ण चरण धरा, आधीच्या श्वासापासून पुढची सम ओलांडेपर्यंत. रेकॉर्डच्या बटणावर राइट क्लिक करून 'टाइम सिलेक्शन ऑटो पंच' निवडा. आवाज आणि पेटी दोन्ही ट्रॅक आर्म करा, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवा. तबला आणि टाळ नुसते वाजू देत. कर्सर दोन-तीन आवर्तनं मागे ठेवा, म्हणजे साधारण १२ सेकंद, आणि रेकॉर्ड दाबा. तुम्ही दोघे मागूनच गात-वाजवत या. सिलेक्शनच्या आत शिरलं की तेवढंच नवीन छापलं जाईल, बाहेर पडलं की थांबेल. थांबू नका मात्र, पुढचं एक आवर्तन गातच राहा. बाहेर पडायची जागा आली म्हणून गळा आवरता घेतला की तो आवरता गळाही रेकॉर्ड होतो.

चार-पाच टेक घ्या. आयटम निवडून टी दाबत गेलात की एकेक टेक पुढे येतो. दोन्ही ट्रॅकचे तुकडे जी दाबून एका ग्रुपमध्ये बांधा आणि कापाल तिथे दोन्ही एकाच जागी कापा. हेच सगळ्यात महत्त्वाचं. आवाज एका जागी आणि पेटी पाव सेकंद पुढे कापलीत तर तेवढ्या पाव सेकंदात दोन तुम्ही गाताय: एक नवा समोर, एक जुना पेटीच्या माइकात.

क्रॉसफेड नुसत्या आवाजाला १० मिलिसेकंद पुरला असता. पेटी सूर धरून असते, तिला ५० ते १०० द्या, आणि आकार इक्वल पॉवरचा निवडा. दोन्ही वेगळी वादनं आहेत, त्यांच्या लहरी एकमेकींवर बसत नाहीत. सरळ रेषेतल्या क्रॉसफेडमध्ये मधोमध ३ डेसिबलचा खड्डा पडतो आणि पेटीने मध्येच उचकी दिल्यासारखं वाटतं.

माइक कुठे, किती उंचीवर, कोण कुठे बसलं होतं, याचा दिवाळीतला फोटो आहे का?


खळ्यातला | सोमवार, दुपारी १:२०

फोटो आहे, चुलत बहिणीने काढलेला. त्यात माझ्या माइकपेक्षा चकल्यांची बशी जास्त स्पष्ट दिसते, पण अंतरं कळतात.

काकांना हेडफोन कसा घालू? आणि माझ्याकडे ब्लूटूथचा एक आहे, वायरचा एकच.


फेडरमामा | सोमवार, दुपारी १:४५

ब्लूटूथ घरीच ठेवा. त्यातला आवाज शंभर मिलिसेकंदांपेक्षाही जास्त मागे असतो, काका तबल्याच्या मागे पडतील आणि दोष त्यांच्या वयाला जाईल. वायरचे दोन बंद कपांचे हेडफोन आणि एक स्प्लिटर. काकांनी एक कान उघडा ठेवला तरी चालेल, उघड्या कानाकडचा कप मात्र डोक्याला चिकटलेला हवा, नाहीतर तबला पेटीच्या माइकात शिरेल.

स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून (लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनवर) ऐका, रीपरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा ठेवलात तरी ४८ किलोहर्ट्झला जाताना पावणेतीन मिलिसेकंद, येताना तितकेच, वर ड्रायव्हरचे स्वतःचे. डायरेक्टमध्ये ही कटकटच नाही.


श्रुतीप्रमाण | सोमवार, दुपारी २:१०

जायच्या आधी कोणाला पेटी साफ करू देऊ नका. दुरुस्त तर अजिबात नको.


खळ्यातला | सोमवार, दुपारी २:१२

😅 काकू तेच म्हणत होत्या, "येतोयस तर पेटी लावून आणूया का राजापुरातून."


कोमल_निषाद | मंगळवार, सकाळी ६:५०

माझं पहिलं म्हणणं उद्धट झालं, ते सोडा. पण एक सांगतो. चरण चुकला म्हणून चरणापासून गायला बसू नका. ध्रुपदापासून (पालुपदापासून) या. अंतरा वर जातो तो ध्रुपदावरून जातो, तेव्हाच त्या षड्जावर पोचल्याचा आनंद गळ्यात येतो. मशीनला बारा सेकंद पुरत असतील, गळ्याला नाही पुरत.


खळ्यातला | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:०५

झालं एकदाचं. अहवाल देतो.

संक्रांतीला गेलो. फोटो बघून चटया त्याच जागी, माइक त्याच उंचीवर. दिवाळीत माझ्या मागच्या भिंतीला गाद्यांची चळत होती, ती फोटोत दिसली म्हणून पुन्हा आणून रचली. काकूंना वाटलं पाहुणे येणार आहेत.

फेडरमामा, तुमचे बारा सेकंद काकांनी साफ नाकारले. "मधूनच कसा शिरू? गाणं काय एसटी आहे?" कोमल_निषाद, तुम्ही म्हणालात तसंच झालं, दुसरा अंतरा संपल्यावरच्या ध्रुपदापासून सुरुवात केली, म्हणजे जवळजवळ पाऊण मिनिट आधीपासून. हेडफोन त्यांनी दोन टेक सहन केला. पहिल्या टेकला ते तबला ऐकतच बसले, वाजवायचे थांबले. "हा मुलगा चांगला वाजवतो, कुठचा?" म्हटलं अमेरिकेचा. मग नव्याने.

दुसरा टेक लयीत बसला, पण अगदी शेवटी कावळा. तिसरा घेतला. तो सगळ्यात चांगला, फक्त चरणाच्या शेवटी काकांनी दिवाळीत जी सरळ जागा वाजवली होती तिथे या वेळी एक लहानशी मुरकी घातली. ठरलेल्या जागी बाहेर पडलो तर मुरकी अर्धी कापली जात होती. रेकॉर्डिंग सिलेक्शनच्या शेवटी थांबलेलं, पुढचं हातात नाही. मग सिलेक्शन अंतऱ्याच्या शेवटापर्यंत वाढवून चौथा टेक घेतला, आणि काकांनी तीच मुरकी पुन्हा घातली, हसत. चौथाच ठेवला. एडिसन, सम ओलांडून बाहेर पडलोय, तुझ्या डग्ग्याची घूम संपल्यावर.

दोन्ही ट्रॅक एकाच जागी कापले, ८० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. भूत गेलं. आईला न सांगता ऐकवलं, ती म्हणाली, "आता बरोबर." कुठे काय केलं ते तिला कळलं नाही, मला मात्र अजून कळतं: नवीन चरणात माझा आवाज थोडा जड आहे, थंडीचा.


बाराखडी | रविवार, रात्री ९:२०

तो फक्त तुम्हालाच कळणार. आपल्या सगळ्यांना आपापले जोड माहीत असतात. अभिनंदन!


जुनी_फीत | रविवार, रात्री ९:३२

कावळ्याचा टेक पुसू नका. ठेवा.


खळ्यातला | रविवार, रात्री ९:५०

ठेवलाय.

एक राहिलं. सगळं आवरल्यावर काकांना पूर्ण अभंग ऐकवला. डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "तुझं नीट केलंस, माझं पण करून टाक. पहिल्या ध्रुपदात माझं बोट घसरलंय, दिवाळीपासून खटकतंय." मी म्हटलं कुठे, तर म्हणाले तूच शोध. चार वेळा ऐकलं. ०:५२ ला काहीतरी आहे असं वाटतं, पण खात्री नाही. कोणाला ऐकू येतंय का?


श्रुतीप्रमाण | रविवार, रात्री १०:०५

०:५२ ला काही नाही. भात्याचा आवाज आहे तो.


एडिसनचा_डग्गा | रविवार, रात्री १०:३८

१:०४. कोमल गंधार अर्धवट लागून सुटलाय. मला पहिल्या रात्रीपासून माहीत आहे, म्हणून तर तिथे चाट (तबल्याची कड) जोरात मारली.